शिवणीच्या लाकडाचे पाय

मी पाय करायचो, असं सांगितलं की नवा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो. माझे दोन्ही पाय जागेवर आहेत. मी करायचो ते दुसऱ्यांचे. ज्यांचे पाय तुटले किंवा कापावे लागले, त्यांना बसवायचे लाकडी पाय. पस्तीस वर्षं हेच केलं. आता पटाशी धरली की अंगठा थरथरतो, म्हणून दुकान पुतण्याकडे दिलंय. दिवाळी अंकासाठी कामाविषयी काही लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. मग वाटलं, माझं राहू दे, पण याकूब मिस्त्रींबद्दल कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही.

लोकांना वाटतं, लाकडी पाय म्हणजे कोरीवकाम. पाऊल हुबेहूब जमलं की झालं. पाऊल कुणीही करील. खरी परीक्षा वरच्या पोकळ भागाची. उरलेला पाय त्यात बसतो, म्हणून आम्ही त्याला ‘घर’ म्हणायचो. माणसाचं सगळं वजन त्या घरात उतरतं. ते गव्हाच्या दाण्याएवढं जरी चुकलं, तरी संध्याकाळपर्यंत कातडी सोलून निघते. लाकूड शिवणीच्या झाडाचं. वजनाला हलकं, आणि पावसाळ्यात सहसा तडकत नाही. उरलेल्या पायावर लोकरीचा मोजा, बाजूला लोखंडी बिजागऱ्या आणि मांडीला आवळायचा चामड्याचा पट्टा. घराच्या आत गेरू लावायचा, माणसाला चार पावलं चालवायचं आणि मोज्यावर डाग कुठे गडद आला ते बघून तिथलं लाकूड कानशीनं उतरवायचं. एवढाच धंदा. हे एवढं यायला मला चार वर्षं लागली.

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या सालांतली. मी तेव्हा विशीत होतो आणि काहीच करत नव्हतो. त्याआधी तीन वर्षं एका नाटक कंपनीत होतो. मोठी कामं मिळत नसत. नोकर, भटजी, म्हातारा शेजारी अशी किरकोळ सोंगं मी करायचो. पण एक गोष्ट मला येत होती. कुणाचंही चालणं एकदा बघितलं की मी तसाच चालून दाखवायचो. तेवढ्यावर हशा यायचा. मग गावोगाव बोलपट आले, तिकिटं खपेनात आणि कंपनी एका मुक्कामात मोडली. मी नाशकात घरी परत आलो. वडील पोस्टात शिपाई होते. ते मला काही बोलत नसत. जेवायला बसलो की माझ्याकडे बघून आईला विचारायचे, “याला भाजी वाढलीस का?” त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

दिवसभर मी भद्रकालीजवळच्या एका चहाच्या दुकानात बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकला करायचो आणि लोक मला चहा पाजायचे. समोरच्या ओट्यावर याकूब मिस्त्रींचं दुकान होतं. साठीला आलेले, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. पहिल्या महायुद्धाच्या वेळी देवळालीच्या फौजी इस्पितळात जखमी शिपाई यायचे. तिथे साहेबांच्या हाताखाली मिस्त्री हे काम शिकले होते. लढाई संपली, इस्पितळातलं काम थांबलं आणि मिस्त्रींनी नाशकात आपलं दुकान मांडलं.

एक दिवस गल्लीतून एक गाडीवान आला. गणपत नाव. इगतपुरीकडून लाकडं आणताना भरलेल्या गाडीचं चाक पायावरून गेलं होतं. मिस्त्रींनी केलेला नवा पाय घालून तो चालला होता. चालला कसला, दर पावलाला कलंडत होता. तो पुढे गेला तसा मी उठलो आणि त्याच्या मागे तसाच चालायला लागलो. दुकानातली माणसं खो खो हसली. हसणं ऐकून गणपत वळला. त्यानं मला बघितलं. मग तो मिस्त्रींच्या ओट्यावर जाऊन बसला.

“ए पोरा,” ओट्यावरून मिस्त्रींनी हाक मारली. “इकडे ये.”

आता कानाखाली बसणार म्हणून मी खाली मान घालून गेलो.

“पुन्हा चाल.”

“चुकलो, मिस्त्री.”

“चुकलास ते नंतर बघू. आधी चाल.”

मी चाललो. मिस्त्री पाटावर बसून माझ्या कमरेकडे बघत होते.

“अंग बाहेर का टाकलंस?”

“हे टाकतात म्हणून.”

“कधी टाकतो? पाय टेकताना की उचलताना?”

मी पुन्हा चाललो. मग म्हणालो, “टेकून अर्धं वजन आलं की टाकतात.”

“का?”

तिसऱ्यांदा चाललो, आणि चालता चालता मला माझ्याच पायात ते जाणवलं. “आतल्या बाजूला काहीतरी टोचत असणार. तिथे वजन जाऊ नये म्हणून बाहेर झुकतात.”

मिस्त्री गणपतकडे वळले. “काय रे, आत टोचतं?”

गणपतनं पट्टा सोडला, पाय बाहेर काढला आणि गुडघ्याखाली आतल्या अंगाला बोट ठेवलं. “हितं. मला तर समदीकडंच दुखतंय वाटायचं. ह्यानं चालून दावलं तवा कळलं.”

दोन आठवडे मिस्त्री बाहेरची बाजू घासत बसले होते. त्यांनी गोल कानस घेतली, आतून थोडं लाकूड उतरवलं आणि पाय पुन्हा बांधला. गणपत गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि सरळ चालत परत आला. माझ्यासमोर थांबून म्हणाला, “बेस केलंस. पन हसायचं नव्हतं, दादा.”

माफी मागायची ती मी तेव्हा मागितली नाही. गणपतचं गाव मला माहीत होतं, पुढे मी कित्येकदा त्या बाजूला गेलो. तरी राहिलं ते राहिलंच.

मी ओटा उतरत होतो तेव्हा मिस्त्री म्हणाले, “उद्या सकाळी ये.”

“कशाला?”

“चालायला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा उजवा पाय गुडघ्यात मागे दुमडला, चामड्याच्या पट्ट्यानं करकचून बांधला आणि गुडघ्याखाली लाकडाचा खुंट बसवला. हातात पिशवी दिली. “पंचवटीत जा. मेथीची जुडी आण.”

“असा?”

“मग कसा?”

भद्रकालीपासून पंचवटीचा बाजार काही फार लांब नाही. पण पूल ओलांडेपर्यंत माझी पाठ भिजली. उतार हा चढापेक्षा कठीण असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. ओल्या दगडावर खुंट सरकतो. गर्दीत माणसं वाट देतात आणि देताना दुसरीकडे बघतात. बाजारातल्या म्हातारीनं मेथी पिशवीत घातली, वर कोथिंबीर टाकली आणि म्हणाली, “राहू दे बाबा पैसं. देव बघतो.” मला इतका संताप आला की मी पैसे तिच्या टोपलीत फेकले आणि आलो.

परत येऊन मिस्त्रींना ते सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, “हां. हे ध्यानात ठेव. पाय करायचा तो यासाठी. माणसानं मेथी घेतली की समोरच्यानं तिचे पैसे घेतले पाहिजेत.”

पंधरा दिवस त्यांनी मला असं चालवलं. हत्याराला हात लावू दिला नाही. आई रडकुंडीला आली. वडिलांनी मात्र एक दिवस मला पुलावर त्या अवस्थेत पाहिलं आणि संध्याकाळी स्वतःच्या हातानं माझ्या गुडघ्याला तेल चोळलं.

मग शिकणं सुरू झालं. लाकडाच्या रेषा कशा बघायच्या, पटाशीला धार कशी लावायची, चामडं कधी भिजवायचं. माझा हात काही फार चांगला नव्हता. मिस्त्री माझं काम उचलून उजेडात धरायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. पण नवा माणूस आला की ते स्वतः मागे सरायचे आणि मला पुढे करायचे. “तू बघ.” मी त्याला चालायला लावायचो, मग त्याच्या शेजारून तसाच चालायचो. आता दार लावून घेत असू, बघायला गर्दी नसायची. पहिल्यांदा माणसं बिचकायची. मग त्यांचीच जीभ सुटायची, “नाही नाही, एवढं नाही वाकत मी”, “हां, इथंच कळ येते.”

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. रामकुंडावर बसणाऱ्या एका भिकाऱ्याला एका दानशूर शेठजींनी आमच्याकडून पाय करून दिला. पाय झकास झाला. आठ दिवसांनी मी घाटावर गेलो तर हा गृहस्थ पाय गोणपाटात गुंडाळून, त्यावर डोकं ठेवून पडलेला. मी चिडलो. तो शांतपणे म्हणाला, “मास्तर, शेठजी सोमवारी दर्शनाला येतात. सोमवारी घालतो की! रोज घातला तर खाऊ काय?” मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तीन वर्षं झाली असतील. आणि एक दिवस नाटक कंपनीच्या मालकांचं पत्र आलं. धुळ्याला मुक्काम होता. जुनी माणसं गोळा करून त्यांनी पुन्हा उभारी धरली होती. माझ्यासाठी विनोदी काम राखून ठेवलं होतं, चांगलं दोन अंकभर. इतक्या वर्षांत मला असं काम कुणी दिलं नव्हतं. पत्र खिशात घालून मी दोन दिवस हिंडलो. मग मिस्त्रींना दाखवलं.

“काय करू?”

ते पाय तासत होते. तासतच राहिले. “मला विचारून गेलास, तर तिथे वाईट दिवस आले की मला शिव्या देशील. मला विचारून राहिलास, तरी इथे देशील. या वयात मला शिव्या खायची हौस नाही. तुझं तू ठरव.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, ते पत्र घामानं भिजलंय. वाळत घाल.”

मी गेलो.

मालकांनी प्रेमानं मिठी मारली. काम होतं लंगड्या कारकुनाचं. हा कारकून नायिकेच्या बापाच्या मागे मागे फिरतो, पडतो, धडपडतो आणि लोक हसतात. मालक म्हणाले, “तुझ्यासाठीच लिहवून घेतलंय. तुझ्यासारखं लंगडणं कुणाला येतं?”

दुपारी तालमीला उभा राहिलो. पहिलं पाऊल टाकलं आणि मला कळेना की या कारकुनाचा पाय कुठून गेलाय. गुडघ्याच्या खालून की वरून? मी विचारलं. सगळे हसले. मी आपल्या मनाशी ठरवलं, गुडघ्याखालून, जुनं दुखणं, घर ढिलं झालंय. आणि तसा चाललो. पेटीवाल्यानं हात थांबवला. मालक म्हणाले, “छान, छान. पण जरा मजा आण.”

रविवारी दुपारचा खेळ होता. थिएटर भरलेलं. मी रंगमंचावर आलो, कारकून म्हणून टेबलापर्यंत चालत गेलो. मधे पडायचं होतं, पडलो. एक हसू उमटलं आणि विझलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं “अगं आई गं” म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी उठलो तो आमच्याकडे पाय करायला येणारा माणूस उठतो तसाच, आधी हात, मग चांगला पाय, मग दुसरा ओढून. हसवण्यासाठी कसं उठायचं ते मला पूर्वी येत होतं. आता शरीर ऐकेना. दोन अंक लोक माझ्याकडे कीव करून बघत बसले आणि नाटक बुडालं.

मालक आत येऊन ओरडले, “अरे, तुला झालंय काय? लोकांना रडवायला बोलावलंय का तुला?”

त्यांचा राग बरोबर होता. मी त्यांची माफी मागितली, तोंडाचा रंग पुसला आणि विंगेत एका पेटीवर बसलो. वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात नाशकात राहिलेल्या एका म्हाताऱ्याची बिजागरी घोळत होती. ती अर्धं बोट मागे घेतली तर त्याला पायरी चढता येईल, असं मला अचानक सुचलं होतं. आयुष्यात काय करायचं याचा निकाल मी तेवढ्यावरच लावला. दुसऱ्या दिवशी नाशिकची वाट धरली.

ओट्यावर चढलो तेव्हा मिस्त्रींनी वर बघितलं. “त्या टोकाला धर,” म्हणाले. चामडं ताणायचं होतं. मी धरलं. धुळ्याबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी भागाबाई आली. दिंडोरीकडची, बाविशीची असेल. शेतात साप चावला आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बापानं आणली होती. सासरची माणसं म्हणत होती, चुलीपुढे बसता आलं तर पाठवा.

मिस्त्रींनी त्यांचा नेहमीचा पाय दाखवला. तिनं तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, “ह्यो घालून उकिडवं बसता येतं?”

“उकिडवं नाही. पण चालता येतं. खुर्चीवर...”

“खुर्ची कोनाकडं हाय, चाचा? भाकरी कशी थापू? रोपं कशी लावू? नुसतं चालून मी कुटं जाऊ?”

मिस्त्रींनी तो पाय तिच्या हातातून परत घेतला. त्यांचा नमुना साहेबाच्या इस्पितळातला. बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसांचा. इतकी वर्षं ते तोच करत आले होते आणि इतकी वर्षं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पुरुष लाजून काही बोलत नसत.

“मी करून बघू?” मी म्हणालो.

आठवडाभर मी घाटावर बसून धुणं धुणाऱ्या बायका बघितल्या. वजन कसं पुढे जातं, टाच कधी उचलते. भागाबाईचं माप मिस्त्रींच्या बायकोनं, खैरून चाचींनी, पडद्याआड घेतलं. दोऱ्याला गाठी मारून त्यांनी ते मला आणून दिलं. पहिला पाय बसताना मागून चिरला. दुसऱ्या पायावर ती बसली आणि कुशीवर पडली. बाप म्हणाला, “राहू द्या. नशीब हाय तिचं.” भागाबाई जमिनीवरूनच म्हणाली, “तुमी गप ऱ्हावा, बा. मास्तर, फुडचा कवा करताय?”

तिसऱ्याची मागची कड मी खोल उतरवली, तिला चामड्याची गादी लावली आणि टाच तिरकी घेतली. चौथा पाय जमला. चाचींच्या अंगणातल्या चुलीपुढे ती उकिडवी बसली, पीठ मळलं आणि भाकरी थापून तव्यावर टाकली. भाकरी फुगली. चाची पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

भागाबाई उठून उभी राहिली आणि लाकडी पावलाकडे बघून म्हणाली, “बोटं नाय केली.”

“बोटं?”

“जोडवं कशात घालू?”

मिस्त्री म्हणाले, बोटं सुटी केली की तिथे लाकूड फुटणार. ते खरंही होतं. मी म्हणालो, “फुटलं तर पुन्हा करू.” दोन दिवस बसून बोटं कोरली. दुसऱ्या बोटात तिनं स्वतः जोडवं घातलं. महिन्याभरानं ती सासरी गेली. पुढे दर दोन वर्षांनी नवा पाय करायला यायची, प्रत्येक वेळी जोडव्याचं बोट आधी तपासायची.

ती पहिल्यांदा सासरी गेली त्याच संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, “आता माझ्याकडे यायचं नाही. इगतपुरीला जागा बघ, आपलं दुकान काढ.”

“माझं काय चुकलं?”

“एका गल्लीत दोन पायवाले कशाला?”

मला ते लागलं. मी बोलू नये ते बोललो. माझी गरज संपली, तुमचा नमुना मी बदलला म्हणून राग आला, असंही म्हणालो. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. इगतपुरीला गेलो तो रागानंच गेलो, आणि दोन वर्षं नाशकात येऊनही त्यांच्या ओट्यावर चढलो नाही. माझी अक्कल तेवढीच होती.

इगतपुरीचा पाऊस म्हणजे चार महिने लाकूड वाळत नाही. शेगडीजवळ पाय टांगून ठेवावे लागत. तरी काम जमलं. आसपासचे भातशेतकरी, लाकूडतोडे, गाडीवान येऊ लागले. अशाच एका पावसाळी सकाळी दारात छत्री मिटली आणि याकूब मिस्त्री आत आले.

मी उठलो. वाकून नमस्कार केला. बोलायचं खूप होतं, तोंडातून निघालं ते एवढंच, “चहा सांगतो.”

ते बाकावर गिऱ्हाइकासारखे बसले. मला वाटलं, आता काम उजेडात धरून बघतील. त्यांनी कशालाही हात लावला नाही. दोन माणसं आली, मी त्यांचं काम केलं, मिस्त्री बघत राहिले. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा उठले. मी छत्री घेऊन स्टेशनापर्यंत पोचवायला निघालो. चिखल होता, म्हणून मी एक पाऊल मागे चालत होतो.

दहा पावलांत मला ते दिसलं.

“मिस्त्री, डावा पाय ओढताय तुम्ही.”

ते थांबले. पण वळले नाहीत.

“पुढे बोल.”

“पंजा उचलत नाही. चवडा जमिनीला घासतो. आणि डावा हातही हलत नाही तेवढा. कधीपासून?”

“रमजानच्या आधीपासून. घरात कुणाला कळलं नाही. डॉक्टर म्हणतो वय झालं.” मग वळून माझ्याकडे बघितलं. “तुला दहा पावलं लागली. मला वाटलं होतं दुकानातच सांगशील.”

“तुम्ही बसून होतात, मिस्त्री.”

“हां. तेही खरं.”

त्या दिवशी त्यांची दुपारची गाडी चुकली. मी त्यांना परत दुकानात आणलं, बाकावर बसवलं आणि त्यांच्या पायाचं माप घेतलं. पंजा उचलून धरायला बुटाला लावायची लोखंडी पट्टी आणि चामड्याचा पट्टा केला. सोबत एक काठी, शिवणीची नाही, चांगली सागाची. इतकी वर्षं त्यांनी माझं काम उजेडात धरून मुकाट्यानं खाली ठेवलं होतं. आता ते माझं गिऱ्हाईक होते, तेव्हा त्यांना बोलणं भाग होतं. पट्टीबद्दल त्यांनी काही तक्रार केली नाही. काठी हातात घेऊन दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “मूठ जाड झालीय.”

मी मूठ तासली. त्यांनी धरून बघितली. “अजून.”

पुन्हा तासली. तिसऱ्या वेळी त्यांनी काठी घेतली, दारापर्यंत गेले, पायरी उतरले आणि मागे न बघता पावसात संध्याकाळच्या गाडीसाठी स्टेशनच्या रस्त्याला लागले. मी छत्री घेऊन मागे धावलो.